तायडे सरांच्या गळ्यातली चावी

तायडे सरांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक लोखंडी चावी असायची. खाली चौकोनी टोक, वर आडवी दांडी, वजन चांगलं पावशेर. नांदुऱ्यात नवीन आलेल्या माणसाला ती तिजोरीची वाटे. बँकेतल्या एका शिपायाने त्यांना अदबीने विचारलं होतं, "सर, एवढी मोठी तिजोरी हाये काय घरी?"

सर म्हणाले, "तिजोरीची चावी हरवली तं पैसा जाते. ही विसरली तं कपाळ जाते."

ती त्यांच्या लेथची, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राची, चावी होती. लेथवर लोखंडाचा तुकडा ज्या जबड्यात पकडतात त्याला चक म्हणतात. तो जबडा या चावीने आवळायचा, चावी काढून घ्यायची आणि मगच मशीन सुरू करायचं. चावी चकमध्येच राहिली आणि बटण दाबलं, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी उडते. सरांची एकदा उडाली होती. भिंतीतला खड्डा त्यांनी बुजवला नाही, त्याच्याभोवती खडूने गोल काढून ठेवला. तेव्हापासून चावी गळ्यात. जेवताना, झोपताना, कोणाच्या मौतीला जातानाही.

गेल्या पौषात सर गेले. त्यांच्याबद्दल चार माणसं चार गोष्टी सांगतात, त्यातल्या बऱ्याच ऐकीव आहेत. मी सांगते त्या माझ्या काउंटरवर घडलेल्या आहेत.

माझं स्टेशन रोडवर हार्डवेअरचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. त्याआधी मी सरांची विद्यार्थिनी. ते आम्हाला चित्रकला शिकवायचे, आणि चित्रकलेचा असा मास्तर मी नंतर पाहिला नाही. झाड पट्टीने, डोंगर गुण्याने, आंबा कंपासने. निसर्गचित्रात एका मुलीने नदी हाताने वळवली, तर सर म्हणाले, "या नदीचं माप काय?" वर्गातली अर्धी पोरं रंगपेटी आणायची नाहीत आणि सरांना त्याचं काही वाटायचं नाही. पेन्सिलीला टोक नसेल तर मात्र बोटांवर पट्टी बसे. मला दोनदा बसली. पैकी एकदा कंपासपायी. मी वर्तुळ काढलं आणि मधला टोचा पेन्सिलीने चांगला काळा केला. सर म्हणाले, "थो टोचा म्हंजे चित्र नोहे. कंपास उभा राह्याले जागा लागते, म्हणून थो असते. त्याले धरायचं नाही." पट्टी बसली असल्यामुळे वाक्य पक्कं लक्षात राहिलं. ते पुढे कामाला आलं, म्हणजे नको तिथे आलं.

निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, सर गावातल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये गेले. तिथल्या दुरुस्तीच्या खोलीतला जुना लेथ भंगारात निघाला होता. तो त्यांनी बैलगाडीत घालून आणला, मागच्या पडवीत बसवला आणि त्याच महिन्यात माझ्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले.

"सुनंदा, बोल्ट दे. आटे नसलेला."

"सर, आटे नसले तर त्याला खिळा म्हणतात."

"आटे मी पाडीन. तू लोखंड दे."

त्यांना काय बनवायचं होतं? एक इंजिन. शेवयांच्या डब्यात मावेल एवढं, एक सिलिंडर, एक चाक, जिनिंगमध्ये पूर्वी वाफेवर चालायचं तसं. उपयोग काय, असं मी एकदाच विचारलं. सर म्हणाले, "निसर्गचित्राचा काय उपयोग होता?" मी परत विचारलं नाही.

घरी काकू होत्या, सरांच्या पत्नी. शांत बाई, पण पितळेच्या बाबतीत सावध. सरांना बारीक भागांसाठी पितळ लागे आणि घरात जे पितळ होतं ते काकूंच्या माहेरचं. आधी फुलपात्र गेलं, मग समईचं वरचं टोक. एका दुपारी काकू दुकानात आल्या.

"सुनंदाबाई, एक कुलूप दे. चांगलं दे."

"चोरी झाली का काकू?"

"अजून व्हायची हाये. घंगाळ राह्यलं एक."

मी त्यांना दुकानातलं सगळ्यात जड कुलूप दिलं. आठ दिवसांनी सर आले आणि काउंटरवर एक चावी ठेवली. स्वतः कानसीने घासून बनवलेली. म्हणाले, "तुह्या कुलपाचे लिव्हर ढिल्ले हायेत. पुढच्या माणसाले सांगत जाय." घंगाळ वाचलं, कारण कुलूप उघडताना मागे काकू उभ्या होत्या.

हे सगळं एकटा माणूस घरात बसून करत असेल असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. जिल्ह्यात असे बरेच निघाले. खामगावचे एक दातांचे डॉक्टर, संग्रामपूरकडचे प्रल्हादभाऊ म्हणून एक शेतकरी, लोणारला शाळेच्या प्रयोगशाळेत काम केलेले एक गृहस्थ, आणि असेच आणखी दहाबारा. कोणी अडकित्ते बनवतो, कोणी छोट्या तोफा. त्यांचा फोनवर एक ग्रुप होता, 'कीसमंडळ'. लेथवरून लोखंडाचा जो कीस पडतो त्यावरून नाव. दर रविवारी सकाळी प्रत्येकाने आठवड्यात काय केलं त्याचा फोटो टाकायचा. नियम सरांनी घातलेला: आधी बिघाड, मग काम. म्हणजे काय बिघडवलं त्याचा फोटो पहिला. तो नसेल तर दुसरा कोणी बघायचा नाही.

मला हे कळलं, कारण सरांचा अंगठा जाड होता. फोनवर एक अक्षर दाबलं की तीन उठायची. म्हणून रविवारी दुकान उघडलं की ते फोन घेऊन स्टुलावर बसत आणि मला मजकूर सांगत. मी खिळे तोलता तोलता टाइप करायची. "लिही. बिघाड: पिस्टन सूतभर बारीक झाला. कारण: शेजारचा पोपट बोलला, लक्ष गेलं." मी म्हणायची, सर, पोपट कशाला लिहायचा. ते म्हणत, "कारण खरं पायजे."

डॉक्टर नवीन होते तेव्हा त्यांनी पितळेचा एक भोवरा टाकला. आरशासारखा. सगळ्यांनी वाहवा केली. सरांनी मला सांगितलं, "लिही. बिघाड कुठी हाये?"

डॉक्टरांचं उत्तर आलं, "बिघाड झालाच नाही सर."

"लिही. मंग तुम्ही केलाच नाही."

डॉक्टर रागावले. एक रविवार काही बोलले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी दातांची अवजारं ठेवायच्या ट्रेमध्ये अकरा बिघडलेले भोवरे ओळीने मांडून फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'उपटलेले'. तेव्हापासून दोघांचं जमलं. जमलं म्हणजे रोज भांडू लागले. डॉक्टरांकडे सगळी यंत्रं नवी, पण नजर सरांच्या लेथवर. असं जुनं ओतीव बीड आता मिळत नाही म्हणायचे. विकता का, असं दर महिन्याला विचारायचे. सर म्हणायचे, "तुम्ही दात इकता काय स्वतःचे?"

लग्नपत्रिकांचं सांगायला हवं. इंजिनाच्या दोन भागांच्या मध्ये हवा निसटू नये म्हणून कागदाचं पॅकिंग बसवावं लागतं, आणि सरांचं मत होतं की लग्नपत्रिकेसारखा कागद बाजारात विकत मिळत नाही. कोणी पत्रिका घेऊन आलं की सर आधी खिशातून मायक्रोमीटर काढून तिची जाडी मोजत. मग नावं वाचत. पातळ निघाली की म्हणत, "ही निस्ती हजेरी लावाले दिली, जेवाले नाही." माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः द्यायला गेले. लाल, गुळगुळीत, वर गणपती. सरांनी मोजली, परत मोजली आणि काकूंना हाक मारून दाखवली.

"सर, लग्नाला यायचं आहे."

"येतो ना. अजून पाच पत्रिका दे."

आता मूळ गोष्टीवर येते. कीसमंडळ वर्षातून एकदा दिवाळीनंतर प्रत्यक्ष जमायचं, आपापली कामं पिशव्यांत घालून. एका वर्षी ते प्रल्हादभाऊंच्या शेतात जमले. सरांचं इंजिन तेव्हा सहा वर्षं 'होतच आलं' होतं. प्रल्हादभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, तुमचं इंजिन म्हंजे आमच्या गावचा रस्ता हाये. दरसाल होऊन राह्यला."

सगळे हसले. सरही हसले, पण त्यांना लागलं. भाकरीचा तुकडा ताटात ठेवून ते म्हणाले, "पुढच्या वर्षी लोणारले जमू. थ्या दिवशी जेवणाच्या आधी इंजिन चाललं नाही, तं लेथ डॉक्टरचा."

हे मला सरांनीच सोमवारी येऊन सांगितलं, वर "कोणाले सांगू नको, काकूच्या कानावर जाईन," असंही सांगितलं. काकूंना ते संग्रामपूरहून आधीच कळलेलं होतं.

त्या वर्षात सरांनी भराभर काम केलं. लेथ हातातून जाईल ही भीती त्यांना होती आणि ती ते लपवत नव्हते. "सुनंदा, लेथ गेला तं मी पडवीत बसून काय करू? आंबे काढू?" लोणारला चार दिवस असताना सगळं तयार झालं, फक्त एक पॅकिंग राहिलं. पण नेमकं त्याच आठवड्यात सरांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, वाकायची बंदी. ते माझ्या मुलीच्या लग्नाची उरलेली पत्रिका घेऊन दुकानात आले. तिच्यावर आकृती काढलेली होती.

"खुणा केल्या हायेत. थेवढी भोकं पाड. बाहेरून काप."

माझ्याकडे पंच आहेत, हातही स्थिर आहे. चार कोपऱ्यांत, छपाई नव्हती तिथे, चार गोल काढलेले होते, ती भोकं पाडली. मधोमध गणपतीच्या पोटावर एक बारीक टोचा होता. त्याच्याभोवती सरांनी गोल काढलेला असणार, पण लाल गुळगुळीत छपाईवर पेन्सिल उठली नव्हती. मला दिसला तो फक्त टोचा. कंपासचा टोचा धरायचा नाही. मी धरला नाही. पॅकिंग कापून, कागदात गुंडाळून दिलं. सरांनी एका डोळ्याने ते बसवलं आणि वरून स्क्रू आवळले.

लोणारला मीच त्यांना नेलं. मुलगी मेहकरला दिलेली, तिच्याकडे जायचंच होतं, आणि दोन गाड्या बदलत डोळ्यावर पट्टी बांधून इंजिन नेण्यापेक्षा माझी व्हॅन बरी. सर शेवयांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. खड्डा आला की डबा उचलून धरत.

लोणारला त्या प्रयोगशाळेतल्या गृहस्थांच्या अंगणात टेबल मांडलेलं होतं. बाकीच्यांची कामं दाखवून झाली. मग सरांनी डबा उघडला. ते इंजिन मी तुकड्यातुकड्यांत पाहिलं होतं, अख्खं पहिल्यांदाच पाहिलं. सुरेख होतं. चाकाला बोट लावलं की ते आवाज न करता फिरायचं आणि फिरतच राहायचं. वाफेच्या ऐवजी हवेवर चालवायचं म्हणून सायकलचा पायपंप जोडला. प्रल्हादभाऊंनी पाय मारला.

काही नाही.

परत मारला. पंपाचा पाय खाली जाईना. कुठून हवा निसटल्याचा आवाज नाही, काही नाही. सरांनी चाक हाताने फिरवलं, पंप मारला, चाक परत फिरवलं. अर्धा तास हे चाललं. स्वयंपाकघरातून पिठल्याचा वास येत होता आणि कोणीही 'ताटं वाढा' म्हणायला तयार नव्हतं. डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "सर, उघडून पाहू ना. जेवण संध्याकाळी करू."

"इथी नाही. एका डोळ्यानं अंगणात स्क्रू सांडीन अन् जन्मभर शोधत बसीन." सरांनी इंजिन डब्यात ठेवलं, झाकण लावलं. "वाढा ताटं. डॉक्टर, टेम्पो कधी आणता सांगा."

परतीच्या वाटेवर मेहकर आलं तेव्हा सर म्हणाले, "सहा वर्षं, अन् एक वरीस." मी म्हणाले, "सर, पाणी प्या."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी डबा घेऊन ते हजर. काउंटरवर फडकं पसरलं, मला स्क्रू काढायला लावले. वरचा भाग उचलला. पॅकिंग जागच्या जागी, गणपती हसतमुख. सरांनी ते चिमटीत धरून दाराकडे, उजेडात नेलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"मधलं भोक कुठी हाये?"

"मधलं कोणतं?"

"ज्याच्यातून हवा जाते थे. त्याच्याबिगर इंजिन म्हंजे बूच मारलेली बाटली हाये."

"तिथे कंपासचा टोचा होता सर. तुम्हीच सांगितलं होतं, त्याले धरायचं नाही."

"मी? कधी?"

"सहावीत. पट्टी मारून."

सर स्टुलावर बसले. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "वर्गात चाळीस लेकरं होती. तीस वर्षं शिकवलं. एकाच्या तरी ध्यानात राह्यलं काय, असं मी काकूले नेहमी इचारो." मग त्यांनी चावी दोन्ही हातांत धरली आणि खांदे हलेपर्यंत हसले. बिजागऱ्या घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक हे बघून तसंच परत गेलं.

मी गणपतीच्या पोटात पंच मारला. पॅकिंग बसवलं, स्क्रू आवळले, दुकानातलाच पंप जोडला. दुसऱ्याच पायाला चाक निघालं. टकटकटकटक, खिळ्यांच्या डब्यांमध्ये ते इंजिन चालत होतं आणि काउंटरवरचे वायसर थरथरत होते. मी फोन काढला. सरांनी हात आडवा केला.

"फोटो नोको. चाललेलं दिसलं तं डॉक्टर लेथ नेणार नाही."

"मग चांगलंच आहे की."

"जेवणाआधी चाललं नाही ना? बोललो होतो चारचौघांत."

रविवारी त्यांनी मजकूर सांगितला. "लिही. बिघाड: पॅकिंगचं मधलं भोक राह्यलं. टेम्पो आणा." मी तेवढं लिहिलं आणि खाली माझ्या मनाने एक ओळ घातली: 'भोक पाडायचं मी विसरले. सुनंदा, हार्डवेअर.'

"खोड थे," सर म्हणाले. "तू मंडळात नाहीस."

"आधी बिघाड, मग काम. नियम तुमचा आहे." मी पाठवून दिलं.

मग फोन वाजतच राहिला. प्रल्हादभाऊंनी लिहिलं, 'बाईनं एका भोकात डॉक्टरले लेथ मिळवून देल्ला.' डॉक्टरांनी लिहिलं की मला लेथ नको, गंमत होती ती. सरांनी एवढंच लिहायला लावलं, 'मी गंमत केली नव्हती.'

टेम्पो आला. सरांनी स्वतः उभं राहून लेथ चढवून घेतला. सोबत तेलाची कुप्पी दिली, कापायची हत्यारं दिली, कुठल्या बाजूने खडखडतो ते सांगितलं. काकू दारात उभ्या होत्या. दोर आवळून झाल्यावर डॉक्टरांनी हात पुढे केला.

"सर, चावी."

सरांनी गळ्यातल्या चावीवर मूठ ठेवली. "लेथ म्हणलो होतो. चावीचं बोलणं झालं नव्हतं."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. "मंग मी चक आवळू कशानं?"

"मी रविवारी येतो ना. आवळून देईन."

तेव्हापासून दर रविवारी सर सकाळच्या गाडीने खामगावला जायचे. दिवसभर लेथवर दोघं काम करायचे, संध्याकाळच्या गाडीने सर परत. ग्रुपवरचा मजकूर डॉक्टर टाइप करू लागले, त्यात पोपट वगैरे येईनासा झाला. काकूंनी पहिल्याच महिन्यात घंगाळ कुलपातून बाहेर काढलं.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. डॉक्टर माझ्या दुकानात आले. चकचं माप कागदावर लिहून आणलं होतं. "या मापाची चावी असन काय बाई?"

मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही. माल नसेल तर नाही म्हणते, हलका असेल तर हलका आहे म्हणून सांगते. त्या दिवशी मी म्हणाले, "या मापाची येत नाही डॉक्टर. जुना चक आहे."

डॉक्टरांनी माझ्या डोक्यावरून मागे बघितलं. मागच्या बोर्डावर त्या मापाच्या तीन चाव्या खिळ्याला लटकत होत्या. तसं तर त्यांनी ती घरी एका दुपारात बनवली असती, त्यांच्या मंडळातल्या कोणीही बनवली असती. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"मलेबी वाटलंच, येत नसन म्हणून," ते म्हणाले आणि दोन रुपयाचा सँडपेपर घेऊन गेले.

दोन वर्षं हे चाललं. सर गेले त्याच्या आठ दिवस आधीचा रविवार. मी सकाळी बसस्टँडवरून व्हॅन घेऊन येत होते. खामगावची गाडी लागलेली होती. खिडकीच्या गजावर ठणठण आवाज आला म्हणून मी काच खाली केली. सर आत बसले होते, मफलर कानापर्यंत, आणि दोऱ्यातली चावी बाहेर काढून गज वाजवत होते. आजूबाजूचे लोक वैतागून बघत होते.

"सुनंदा, पत्रिका हायेत काय? जाड?"

"सर, पौष चालू आहे. लग्नं कुठे आहेत आता?"

त्यांनी थोडा विचार केला. कंडक्टरने घंटी मारली.

"मंग माघात आणजो," ते म्हणाले आणि चावी परत सदऱ्याच्या आत टाकली.